मगदूम बाईंची टिकली

सन २०४१च्या जूनमध्ये सरकारने राज्यातल्या झाडून सगळ्या शिक्षकांच्या कपाळावर टिकली लावली. बायकांच्या, आणि पुरुषांच्याही. बायकांना मरून, काळी किंवा पारदर्शक यांतून निवडायची मुभा होती. पुरुषांना एकच रंग मिळाला, कातडीचा, आणि तो कुणाच्याही कातडीशी जुळत नव्हता.

त्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. कपाळाच्या हाडामागे मेंदूचा जो भाग असतो, तो घरातल्या कर्त्या माणसासारखा वागतो. काय करायचं, काय टाळायचं, कुणाला काय बोलायचं नाही, हे तो ठरवतो. ठरवताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात आणि त्यासाठी ग्लुटामेट नावाचं द्रव्य वापरतात. काम बेताचं असेल तर ते लगेच पुसलं जातं. पण दिवसभर न थांबता निर्णय घेत राहिलं तर ते साचतं, मोरीत खरकटं साचावं तसं. मग तो कर्ता माणूस काम टाळू लागतो. हाताशी येईल तो निर्णय घेतो, विसरतो, ओरडतो. साचलेलं निघून जायला झोप लागते. आणि झोपेइतकाच लागतो रिकामा वेळ, ज्यात पुढच्या कशाचीही तयारी चाललेली नसते.

टिकली कपाळातून डोळ्यांना न दिसणारा उजेड आत सोडायची, परत आलेल्या उजेडावरून साचलेल्याचा अंदाज बांधायची आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा तालुक्याच्या कचेरीला कळवायची. त्याला शीणांक म्हणत. हे यंत्र मुळात वैमानिकांसाठी बनवलेलं. गंमत म्हणून एकदा ते शिक्षकांना लावून पाहिलं, तेव्हा आकडे बघून यंत्रच बिघडलंय असं समजून कारखान्यात परत धाडलं होतं.

नियम असा की सलग सात शाळेचे दिवस शीणांक सत्तरच्या वर राहिला, तर त्या शिक्षकाने एकवीस दिवस सक्तीच्या विश्रांतीला जायचं. धरणाच्या कडेला पाटबंधारे खात्याचं जुनं विश्रामगृह होतं, ते त्यासाठी रंगवून घेतलं. मोबाइल दारात जमा. वह्या-पुस्तकं बंद. जेवण सरकारचं, म्हणून घरून लोणचं न्यायची परवानगी होती.

कृष्णाकाठच्या नांदणवाडी हायस्कुलात व्हरांड्यात एक पडदा लागला. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि समोर आकडा. मुलं येता-जाता तो वाचत आणि त्या दिवशी कुणाच्या तासाला दंगा करायचा ते ठरवत. हेडमास्तर खोत सर एकतीस. ते दुपारचे डबा खाल्ल्यावर फायली मिटून चिंतन करायचे. चिंतनाचा आवाज बाहेर ऐकू यायचा. पी.टी.चे मुल्ला सर बावीस. आणि गणिताच्या मगदूम बाई एक्याण्णव.

शैलजा मगदूम, वय त्रेपन्न, दहावी अ. एकोणीस वर्षांत त्यांच्या वर्गातलं एकही पोर गणितात नापास झालं नव्हतं. ते कसं, हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुवारचा पाचवा तास पी.टी.चा असे. त्या तासाला बाई खडू घेऊन वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “मुल्ला सर, जरा पोर्शन राहिलाय.” मुल्ला सर म्हणायचे, “घ्या की बाई.” आणि शिट्टी खिशात टाकून चिंचेखाली जाऊन बसायचे. मंगळवारचा पी.टी.चा तास इंग्रजीवाले घ्यायचे. पोर्शन एकोणीस वर्षं राहिलेलाच होता. मुल्ला सरांचा बावीस आकडा हा सगळ्या विषयांनी मिळून घडवलेला होता.

घरी बाईंचं काय चाललंय ते त्यांच्या यजमानांना, दिनकररावांना, टिकलीच्या आधीच कळलं होतं. एकदा ते जेवताना म्हणाले, “आमटीत मीठ जास्त झालंय.”

बाई वर न बघता म्हणाल्या, “पायऱ्या दाखव.”

दिनकररावांनी निमूटपणे पाणी ओतून आमटी वाढवली.

सणासुदीच्या सुट्ट्यांनी बाईंचा आकडा आजवर वेळेवर उतरत आला होता, पण डिसेंबरात त्यांचा सत्तरच्या वरचा सलग पाचवा दिवस भरला. सराव परीक्षा तोंडावर, त्रिकोणमिती अर्धी राहिलेली. त्या थेट चिंचेखाली गेल्या.

“मुल्ला सर, मला दोन दिवसांत उचलून नेतील.”

“मग जावा की बाई. धरण बघून या.”

“आणि माझा वर्ग? एकवीस दिवस! मी नसले तर ती पोरं पाढेसुद्धा विसरतील. तुमची टिकली द्या मला.”

मुल्ला सरांनी टोपी मागे सारली. “आणि तुमची?”

“तुम्ही लावा. टोपीखाली कोण बघतंय.”

“अहो, मग माझ्या नावापुढं एक्याण्णव दिसंल!”

“दिसू दे की. पी.टी.च्या मास्तराला शीण आला म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? यंत्र बिघडलं म्हणतील.”

यावर मुल्ला सरांनी विचार केला. स्टाफरूममध्ये हे कुणालाही पटलं असतं. त्यांना स्वतःलाही पटलं. अदलाबदल झाली. कातडीच्या रंगाची टिकली बाईंनी कपाळावर चिकटवली आणि वर आपली साधी लाल लावली. बाईंची मरून टिकली सरांच्या टोपीखाली गेली. घरी गेल्यावर त्यांनी सवयीने टोपी काढली, तेव्हा त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी विचारलं,

“गॅदरिंगच्या नाटकात काम घेतलं का?”

“नाय. मगदूम बाईंचा मेंदू हाय त्यो. जपून ठेवायला दिलाय.”

दोघांच्याही एक गोष्ट लक्षात आली नव्हती. यंत्राला पी.टी. म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्याने सात दिवस मोजले आणि आठव्या दिवशी शाळेच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. जिल्ह्यातला सर्वांत थकलेला क्रीडाशिक्षक न्यायला आली होती. खोत सरांनी गाडीसमोर छोटंसं भाषण केलं. मुल्ला सरांनी इतकी वर्षं आपला शीण चेहऱ्यावर दिसू दिला नाही, असं ते म्हणाले. त्या गडबडीत बाईंनी जिन्याखाली सरांना गाठलं आणि टिकल्या परत बदलल्या. तपासणीत लबाडी उघडी पडली असती तर मुल्ला सर नोकरीला मुकले असते. बाई थकल्या होत्या, पण इतक्या नाही.

आता बाईंच्या कपाळावर बाईंची टिकली होती. व्हरांड्यात एक्याण्णव झळकू लागला, आणि सात दिवस नव्याने सुरू झाले.

त्या आठवड्यात बाईंनी सराव परीक्षेचे पेपर तपासून वाटले. वर्गात श्रावस्ती कांबळे नावाची मुलगी होती. कमी बोलणारी, पहिल्या बाकावरची, गणितात पैकीच्या पैकी घेणारी. दुसऱ्या दिवशी बाई वह्या बघत तिच्या बाकाशी आल्या आणि थबकल्या. गणित मनोऱ्याचं होतं. पायथ्यापासून तीस मीटरवर उभं राहून टोकाकडे पाहिलं तर साठ अंशांचा कोन होतो, मनोऱ्याची उंची काढा. श्रावस्तीने पेपरात तीस मुळात तीन, म्हणजे तीनच्या वर्गमुळाची तीस पट, असं लिहिलं होतं. बाईंनी साठच्या जागी तीस वाचलं होतं आणि लांबलचक लाल काट मारली होती. उत्तर बरोबर होतं. चूक बाईंची होती.

इथवर ठीक होतं. एकोणीस वर्षांत अशा चुका झाल्याच असतील. पण श्रावस्तीने वहीत ते गणित पुन्हा सोडवलं होतं आणि खाली दहा मुळात तीन आणलं होतं. बाईंच्या एका रेघेत बावन्न मीटरचा मनोरा सतरा मीटरवर आला होता. आणि तो खाली आणण्यासाठी तिने मधली एक पायरी स्वतःच्या मनाने वाकवली होती.

“श्रावस्ती, तुझं आधीचं बरोबर होतं गं. मी चुकून काट मारली.”

“नाही बाई.”

“अगं, नाही काय? साठ अंश आहे बघ.”

“पण तुम्ही काट मारली होती ना?” मुलीने शांतपणे विचारलं. “मग मीच चुकले असणार. मी रात्री तीनदा करून बघितलं. शेवटी जुळवलं.”

हे पोर पाढे विसरण्यातलं नव्हतं. बाई असताना ते बरोबर सोडवलेलंही विसरायला तयार होतं.

दुपारी खोत सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या कपाळावरची टिकली नखाने सोलू लागले.

“उद्या तुमचा सातवा दिवस, बाई. माझी लावा. एकतीस आहे, माझ्या नावावर सात दिवस भरेपर्यंत पुढचं बघू. शंभर टक्के निकालाचा प्रश्न आहे, शाळेची इज्जत आहे.”

“आणि माझी तुम्ही लावणार?”

“छे! ती पाण्याच्या माठावर चिकटवू. माठ काय थकतोय!”

बाई त्या टिकलीकडे बघत होत्या. कालपर्यंत त्यांनी ती घेतली असती. “राहू दे, सर,” त्या म्हणाल्या. “मला जायचंय. मला वाचता येईनासं झालंय.”

“चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“चष्मा ठीक आहे.”

तिसऱ्या दिवशी गाडी आली. बाईंनी एकवीस दिवसांचं नियोजन, अठ्ठावीस पानं, दारावर चिकटवलं आणि त्या गेल्या.

विश्रामगृहात शिरल्या-शिरल्या त्यांना मुल्ला सर दिसले. पाण्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते, आणि त्यांच्या मागे दोन रांगांत चौदा शिक्षक तसेच बसले होते. प्रत्येकाच्या हातात एक पेरू. कडेला पांढऱ्या कोटातली तिशीची एक बाई उभी राहून टिपणं घेत होती. त्या डॉक्टर ओवी तेंडोलकर, विश्रामगृहाच्या प्रमुख.

“हा आमचा मुल्ला प्रयोग,” डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाल्या. “हे गृहस्थ शाळेतून निघाले तेव्हा एक्याण्णव होते. इथे उतरले तेव्हा बावीस. पन्नास मिनिटांत! जगात कुठे अशी नोंद नाही. वाटेत त्यांनी काय केलं ते आम्ही ड्रायव्हरकडून काढून घेतलं. गाडी थांबवून पेरू घेतला, आणि तो खात पाण्याकडे बघत बसले. मी त्यावर निबंध लिहितेय.”

मगदूम बाईंनी मुल्ला सरांकडे पाहिलं. मुल्ला सरांनी पाण्याकडे पाहिलं.

बाईंना ते दोन दिवस सहन झालं. खोटं बोलणं त्यांना एक वेळ जमत होतं, पण चुकीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष त्यांना बघवेना. तिसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि टिकल्यांची सगळी हकिकत पायऱ्यापायऱ्यांनी सांगितली.

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. मग म्हणाल्या, “म्हणजे सर कधी थकलेच नव्हते.”

“नाही. आम्ही थकूच दिलं नाही त्यांना.”

“माझा निबंध गेला.” त्यांनी कागद बाजूला सरकवला. “मला हे वर कळवावं लागेल. दोघांनाही ताकीद येईल.”

“येऊ दे. सरांची चूक नाही, एवढं लिहा.”

“लिहिते. पण मग मला सांगा बाई, त्या पेरूवाल्या चौदा जणांचे आकडे का उतरले? ते तर खरेच थकले होते.”

बाईंचा स्वतःचा आकडा मात्र अठ्ठ्याऐंशीवर अडकला होता. खरं तर त्या फार मन लावून विश्रांती घेत होत्या. पहिल्याच दिवशी औषधाच्या खोक्याचं पुठ्ठं फाडून त्यांनी वेळापत्रक केलं होतं. सहा ते साडेसहा पक्षी. साडेसहा ते सात दीर्घ श्वसन. दहा ते बारा झोप, घटक पहिला. पक्षी उशिरा आले तर त्यांचा पुढचा तास बुडायचा.

हकिकत उघड झाल्यामुळे मुल्ला सरांची दुसऱ्या दिवशी सुटका होणार होती. निघण्याआधी त्यांनी ते पुठ्ठं हातात घेऊन वाचलं.

“बाई, तुम्ही विश्रांतीचाबी पोर्शन संपवायला निघालाय.”

“मग काय करू? नुसतं बसलं की वर्ग दिसतो. आता तिसरा तास चालू असेल, कोण शिकवत असेल, ती मुलगी त्या मनोऱ्याचं काय करत असेल...”

“कोण शिकवतंय ते मी बघतो.”

“तुम्ही गणित शिकवणार?”

“मला कुठं येतंय? पण तुम्ही माझे तास एकोणीस वर्षं घेतले, बाई. मी तुमचे पंधरा दिवस घेतले तर एवढं काय बिघडतंय?”

रविवारी सर भेटीला आले. सोबत जुबेदाभाभींनी दिलेला डबा, पिशवीभर पेरू आणि एक वही. वह्या-पुस्तकं बंद होती, म्हणून ती पेरूंच्या खाली होती.

“काय शिकवलंत?” बाईंनी सरांना दम खाऊ द्यायच्या आधीच विचारलं.

“काय नाय. वर्ग ग्राउंडवर नेला. म्हटलं, मला गणित येत नाय, तुम्हाला येतंय, मला समजावा. मग ध्वजाच्या खांबापासून पावलं टाकली, तीस मीटर. कोनमापकाला दोरा बांधून कोन घेतला. आमचा खांब बुटका, कोन लईच कमी आला. तर ती तुमची कमी बोलणारी पोरगी हाय ना, ती म्हणती, सर, मान एवढीशीच वर करावी लागली तर खांब बुटका असणार. साठ अंश म्हणजे मान मोडायची पाळी. मनोरा लई उंच पाहिजे. मग एकदम गप्प झाली आणि वही काढून बसली.”

बाईंनी वही उघडली. दहा मुळात तीन खोडलं होतं. खाली तीस मुळात तीन, आणि चौकोनात दोन ओळी. ‘बाई, पहिलंच बरोबर होतं. मान वर करून बघितलं.’ शेजारी तिने पेन्सिलीने छोटीशी बरोबरची खूण केली होती. स्वतःची स्वतः.

बाईंनी वही मिटली. त्यांना वाटलं होतं की आपण रडू, पण तसं काही झालं नाही. त्या खुर्चीत मागे टेकल्या. समोर पाणी होतं. त्याचं काही करायचं नव्हतं. मुल्ला सर पेरूला मीठ लावून फोडी करत होते आणि खोत सरांनी दोघांच्या ताकिदीचं पत्र वाचून कसं तोंड केलं ते करून दाखवत होते. ते सांगता-सांगता त्यांनी शेजारी पाहिलं, तर बाई झोपल्या होत्या. दुपारचे अडीच वाजले होते. वेळापत्रकात तेव्हा ‘निरीक्षण’ लिहिलं होतं.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या. टिकली चौसष्ट दाखवत होती. पुठ्ठं डॉक्टरांनी कधी उचलून नेलं ते त्यांना चार दिवस कळलंच नाही. डॉक्टरांनी निबंध नव्याने लिहायला घेतला होता. त्यात पेरू फक्त तळटीपेत उरला होता.

जानेवारीच्या मध्याला बाई शाळेत आल्या. व्हरांड्यात आकडा त्रेचाळीस. खोत सरांनी तो तीनदा पुसून पाहिला. दारावरचं अठ्ठावीस पानांचं नियोजन जागेवर होतं. पहिल्याच पानावर कुणीतरी पतंगाचं चित्र काढलं होतं. पोर्शन चार धडे मागे होता.

त्या दिवशी गुरुवार होता. चौथ्या तासाला बाई फळ्यावर गणित सोडवत होत्या. तिसरी ओळ लिहून झाली आणि पहिल्या बाकावरून आवाज आला.

“बाई, चिन्ह चुकलंय.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं. बाईंनी फळ्याकडे पाहिलं. श्रावस्ती उभी होती, हातांनी बाकाची कड घट्ट धरून, पण उभी होती.

“नीट बघितलंस?”

“हो बाई.”

“मी काट मारली तरी?”

“तरी चुकलंयच बाई.”

बाईंनी डस्टर घेतलं, वजा पुसून अधिक केलं आणि खडू तिच्या हातात दिला. “पुढचं तू कर.”

तिने ते चार ओळींत केलं. मग घंटा झाली. पाचवा तास, पी.टी. चाळीस मुलांनी सवयीने गणिताची दुसरी वही काढली आणि बाईंकडे पाहिलं. चार धडे मागे होते. बाईंच्या ओठांवर ते नेहमीचं वाक्य आलंही होतं. दारात मुल्ला सर उभे होते, तेही सवयीनेच, ‘घ्या की बाई’ म्हणायला.

“ग्राउंडवर जा,” बाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “बाई, हा कितव्या धड्यातला प्रश्न आहे?”

“जा म्हटलं ना! सर, न्या यांना.”

मुल्ला सरांनी खिशात शिट्टी शोधली. ती तिसऱ्या खिशात सापडली. पहिल्यांदा नुसतीच हवा आली, मग ती वाजली.

बाई ग्राउंडच्या पायरीवर जाऊन बसल्या. पर्समध्ये पेरू होता. तिथून व्हरांड्याचा पडदा दिसत होता, पण त्या तिकडे बघत नव्हत्या. चाळीसही पोरं एकदम धावत होती आणि त्यांच्या मागे मुल्ला सर. अर्ध्या तासाने ते टोपी काढून, घामाघूम, बाईंच्या शेजारी येऊन आदळले.

“बाई, जरा बघा हो, माझा आकडा किती झाला?”

बाईंनी मान वळवून पडदा वाचला. “त्रेसष्ट.”

“अल्ला!”

“आणखी आठ वाढले आणि सात दिवस टिकले तर गाडी येईल, सर. या वेळी खरी.”

मुल्ला सरांनी हात पुढे केला. बाईंनी अर्धा पेरू तोडून त्यावर ठेवला.

“येऊ दे की,” ते म्हणाले. “तिथं माझी ओळख हाय.”